काशाच्या वाटीने तळपाय घासताना

मार्चअखेरीला पतसंस्थेतून घरी यायला मला रात्रीचे नऊ वाजतात. अंग गळून गेलेलं असतं, पण डोक्यात आकडे फिरत राहतात. पाठ टेकली तरी डोळे टक्क उघडे. चार वर्षांपूर्वी अशाच एका रात्री सासूबाईंनी कपाटातून काशाची वाटी काढली, सतरंजीवर बसल्या आणि म्हणाल्या, "पाय दे इकडं."

मी पाय मागे घेतले. "अहो आई, तुम्ही माझ्या पायाला हात लावायचा?"

"झोप लागत नाही ना तुला? मग दे. वाटी धरता येते मला अजून."

त्यांनी पाय मांडीवर घेतला तेव्हा मला रडू आलं. तेव्हापासून आमच्या घरी हे चालू आहे. मी जे शिकले ते इथे सविस्तर लिहिते, कारण वाटी बऱ्याच घरांत असते, पण कशी वापरायची हे विचारायला घरात मोठं माणूस असतंच असं नाही.

आधी वाटीबद्दल. कासं म्हणजे तांबं आणि कथील यांचा मिश्रधातू, साधारण ७८ भाग तांबं आणि २२ भाग कथील. बाजारात काशाच्या नावाखाली पितळही मिळतं. घेताना वाटी बोटांच्या टोकांवर सैल धरा आणि चमच्याने हलकेच वाजवा. काशाचा नाद लांबतो, कानात रेंगाळतो. पितळ लवकर गप्प होतं. बूड गोल आणि गुळगुळीत हवं, कड बोथट हवी, आणि वाटी मुठीत नीट बसायला हवी. लाकडी मुठीची वाटीही मिळते. स्वतःच स्वतःचे पाय घासणार असाल तर तीच घ्या, मनगट दुखत नाही.

काय लावायचं हे पायाला बघून ठरवा. तळपायांची आग होत असेल, उन्हाळा असेल, चिडचिड वाढली असेल, तर पित्त वाढलंय असं समजून गाईचं साजूक तूप किंवा खोबरेल. टाचा भेगाळलेल्या, पाय गार, मन सैरभैर, म्हणजे वाताचा जोर, तर कोमट तिळाचं तेल. सर्दी-कफ झालेला असताना आणि अपचन असताना अभ्यंग, म्हणजे तेलतुपाची मालीश, करू नये, असं 'अष्टांगहृदय' या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातच सांगितलंय. त्या दिवशी वाटी कपाटातच राहू द्या. दोन्ही पायांना मिळून चहाचा एक चमचा तूप पुरतं. तेल थेट गॅसवर तापवू नका. गरम पाण्यात तेलाची वाटी ठेवली की ते बेताचं कोमट होतं.

जेवणानंतर दीड-दोन तास जाऊ द्या. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि हे मी अगदी काकुळतीने सांगते. पहिल्या आठवड्यात मी पाय घासून घेताना मेसेज बघत होते आणि काही उपयोग होत नाही म्हणून कुरकुरत होते. दिवा मंद करा, खाली जुनी चादर अंथरा, कारण तुपाचे काळे डाग निघत नाहीत.

पाय कोमट पाण्याने धुऊन कोरडे करा. आधी नुसत्या हाताने तूप लावा, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. मग वाटीचं बूड टाचेवर टेकवा आणि गोल गोल फिरवा. टाच जाड असते, तिथे थोडा जोर चालतो. तिथून खळग्यातून बोटांच्या मुळापर्यंत लांब ओढ घ्या आणि परत या. खळग्यात जोर कमी. देवाची तांब्याची भांडी घासताना हात जसा फिरतो, तेवढाच दाब. घोट्याभोवती वाटी नुसती फिरवायची, हाडावर दाबायची नाही. सुरुवातीला वाटी सुळसुळत जाते. तीन-चार मिनिटांनी तूप जिरलं की आवाज बदलतो, वाटी अडखळायला लागते, तळव्याच्या रेषांत राखाडी कड दिसू लागते. तेव्हा थेंबभर तूप आणखी घ्या. एका पायाला दहा मिनिटं. घाई केली तर हे नुसतं घासणं होतं.

आता त्या काळ्या रंगाबद्दल. 'अंगातली उष्णता निघाली' असं सगळेच म्हणतात, सासूबाईसुद्धा म्हणतात. मला तसं वाटत नाही. तूप, घाम आणि काशातलं तांबं एकमेकांना घासलं गेलं की काळपटपणा येणारच. पाय किती काळे झाले यावरून गुण मोजू नका, आणि काळे झाले नाहीत म्हणून जोर वाढवू नका. गुण कुठून येतो हे आयुर्वेदाचे जुने आचार्य चरक यांनी मला पटेल असं सांगितलंय. स्पर्शाच्या इंद्रियात वायूचं, म्हणजे वाताचं, प्राबल्य असतं आणि स्पर्श त्वचेच्या आश्रयाने राहतो, म्हणून त्वचेला अभ्यंग हितकर. मन भरकटवणारा वायू तळपायापासून शांत करायचा, तर हात संथ हवा आणि रोजचा हवा. पायांचा खरखरीतपणा, ताठरपणा, थकवा आणि बधिरपणा पादाभ्यंगाने कमी होतो असंही चरक म्हणतात.

तरी मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर मनाने काही करू नका. जखम कळत नाही, वाटीने कातडं सोललं तरी समजत नाही. पायावर जखम, चिखल्या किंवा सूज असेल, शिरा फुगलेल्या असतील, ताप असेल, तर थांबा. पोटरी एकाच पायाची दुखत आणि सुजत असेल तर मालीश नको, सरळ डॉक्टरांकडे जा. गरोदर बाईने आधी वैद्यांना विचारावं.

झाल्यावर ओल्या कोमट फडक्याने पाय पुसा, चिकटपणा राहिला तर चिमूटभर बेसन लावा, मग सुती मोजे घाला. तेलकट पायांनी उठू नका. मी एकदा तशीच पाणी प्यायला गेले आणि स्वयंपाकघरात घसरून मनगट मुरगळलं, पंधरा दिवस पोळ्या लाटता आल्या नाहीत. तांब्या-भांडं आधीच उशाशी घेऊन बसा.

पहिल्याच रात्री गाढ झोप लागेल असं समजू नका. मला आठ-नऊ रात्री लागल्या, आणि आधी फरक पडला तो झोपेत नव्हे, रात्रीच्या चिडचिडीत. महिनाभर करूनही झोप लागत नसेल तर वैद्यांना किंवा डॉक्टरांना दाखवा, कारण झोप उडण्यामागे थायरॉइडसारखं वेगळंच काही असू शकतं.

वाटी चिंचेच्या कोळाने घासून, लगेच कोरडी करून ठेवा. पायाची वाटी वेगळीच असू द्या, जेवणात वापरू नका. आमची जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळलेली असते. रविवारी मी सासूबाईंचे पाय घेते. आता पंचाहत्तरीत त्यांची कातडी पातळ झालीय, म्हणून त्यांच्यासाठी वाटी फक्त टाचेला आणि बाकी सगळं हातानेच.