नवीन पाळकांनो, खान्देशातली मंडळी सांभाळायची तर हे बघा

नवापूर, साक्री, नंदुरबार, तळोदा या बाजूला नवीन नेमणूक झाली असेल तर प्रवचनाच्या तयारीआधी एक काम करा, मंडळीतलं, म्हणजे आपल्या चर्चमधलं, कुठलं घर कधी गावात असतं आणि कधी नसतं ते वहीत लिहून काढा. दिवाळी झाली की कितीतरी घरं ऊसतोडीला बारडोली साईडला निघतात, मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते त्यामुळे थांबायचा प्रश्नच नाही, आणि इकडे नवीन पाळक रिकामे बाक बघून खचतो की माझंच काहीतरी चुकलं. चुकलं काही नाही भो. मंडळी पडावावर, म्हणजे ऊसतोडीच्या तळावर आहे, आपण तिकडे जायचं.

नवापूरहून ताप्ती लाईनच्या गाडीने बारडोली सोपं पडतं. दिवसा लोक फडात असतात म्हणून संध्याकाळी चुली पेटल्यावर जा आणि मुकादमाला आदल्या दिवशी फोन करून ठेवा. लांबलचक भक्ती नको, एक भजन, थोडं शास्त्रवाचन आणि प्रत्येक घराचं नाव घेऊन प्रार्थना, बस, गाडी भरायला रात्री कधी बोलावणं येईल सांगता येत नाही. बायका भाकरी थापता थापता ऐकतात, त्यांना उठवून समोर बसवू नका. गावात ठेवलेल्या म्हाताऱ्या सासूच्या बीपीच्या गोळ्या आहेत का, पोरगं शाळेत जातं का, हे त्यांना विचारायचं आणि परत आल्यावर स्वतः त्या घरी जाऊन बघून फोनवर कळवायचं. माझ्या मते पाळकाचं खरं काम हेच आहे. नाताळला ज्यांना सुट्टी मिळत नाही त्यांच्यासाठी त्याच आठवड्यात एक संध्याकाळ पडावावर ठेवा.

भाषेचं म्हणाल तर शास्त्र मराठीत वाचा, पण घरात मावची, भिली, कोकणी (इथल्या आदिवासींची, गोव्याची नाही) नाहीतर अहिराणी चालते, तेव्हा समजावताना ती भाषा हवी. येत नसेल तर मंडळीतल्या एखाद्या ताईला शनिवारीच संदेश सांगून ठेवा आणि रविवारी तिला सोबत उभं करा.

आता आजारपण. रात्री-अपरात्री लोक आधी पाळकाचं दार वाजवतात, प्रार्थना करा म्हणतात. करायचीच, पण साप चावला असेल, बाळंतपण अडलं असेल तर आधी 108 लावा आणि प्रार्थना गाडीत बसून करा. आपल्या आदिवासी भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत आहे, पोराचे हातपाय सारखे दुखतात, अंग पिवळं पडतं तेव्हा कोणी बाहेरचं म्हणतं, कोणी विश्वास कमी पडला म्हणतं, हे दुसरं तर पाळकाने चुकूनही बोलू नये. रक्त तपासायला पाठवा, एकटे जायला घाबरत असतील तर सोबत जा. गोळ्या बंद करा असं कुठल्याही सभेत कोणी सांगितलं तर दुसऱ्या दिवशी घरी जाऊन गोळ्या चालू आहेत का ते बघा.

पैशाला हात लावू नका, हे अगदी मनापासून सांगतो. दानार्पण भक्ती संपल्या संपल्या दोघांनी मोजायचं, दोघं वेगवेगळ्या घरातले पाहिजेत, वहीत आकडा, दोघांच्या सह्या, आणि पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं. उपकारस्तुतीच्या सणाला ज्वारी, तूर, कोंबड्या, भोपळे येतात त्यांची हराशी, म्हणजे लिलाव होतो, तिथेही तसंच, कोणी काय किती रुपयाला घेतलं आणि उधारी कोणाची ते लगेच लिहा, कारण मंडळीतली निम्मी भांडणं त्या उधारीवरून सुरू होतात. पंचांपैकी कोणी रुसलं तर सभेत विषय काढू नका, त्याच्या घरी चहाला जा.

ख्रिस्ती लग्नाचा कायदा 1872 चा आहे आणि तो पाठ पाहिजे. लग्न लावायचं लायसन्स स्वतःच्या नावावर नसेल तर ज्यांचं आहे त्या पाळकांना बोलवा, लोकांच्या आग्रहाला बळी पडू नका. मुलगा 21, मुलगी 18, दोन साक्षीदार, आणि विधी सकाळी 6 ते संध्याकाळी 7 च्या आत. आपल्याकडे मे महिन्याच्या उन्हात सगळ्यांना उशिराचं लग्न हवं असतं, डीजे आला नाही, मामा यायचाय असं करत अंधार पडतो, म्हणून पत्रिका छापायच्या आधीच घरच्यांना वेळ सांगा. वयाचा दाखला हातात घेऊन बघा, नुसत्या तोंडी बोलण्यावर तारीख देऊ नका, मग नातेवाईक कितीही जवळचे असोत.

हे सगळं एका माणसाने करायचं नाही. बायबलात निर्गम 18 मध्ये सासऱ्याने, इथ्रोने, मोशेला हेच सांगितलं, प्रेषितांनीही जेवणाच्या वाटपासाठी सात जण निवडले, मग आपण एकट्याने का ओढायचं? भेटींचे गाव वाटून द्या, घरसभा तरुणांकडे द्या, दफनाच्या वेळी खड्डा, पेटी, जेवण कोण बघणार ते आधीच ठरवून ठेवा. आणि पाळकीणबाईंना फुकटची संडे स्कूल टीचर, स्वयंपाकीण आणि महिला संघाची सेक्रेटरी सगळं एकदम करू नका, त्यांना काय जमेल ते त्यांनाच विचारा. सोमवार घरासाठी ठेवा, त्या दिवशी फोन मंडळीच्या एका वडिलांकडे (जबाबदार सभासदाकडे) द्या आणि तो नंबर मंडळीला रविवारीच सांगा.