समुद्रतळाच्या चिकणमातीतले फॉल्ट संगणकावर कसे घडवावेत

उत्तर समुद्राच्या तळाखाली बारीक चिकणमातीच्या थरांत बहुभुजी फॉल्टची (प्रस्तरभंगांची) जाळी आहेत. दोन फॉल्टमधलं अंतर शंभर मीटर ते एक किलोमीटर, सरक (दोन्ही बाजूंची एकमेकींपासूनची घसरण) दहा ते शंभर मीटर. थराला कुणी बाजूने ताणलेलं नसतानाही हे नॉर्मल फॉल्ट (वरची बाजू खाली घसरणारे) पडतात, आणि सिम्युलेशनमध्ये नेमकं हेच दाखवायचं आहे. त्यामुळे कडा बाहेर ओढून फॉल्ट पाडू नका. तसे फॉल्ट कुठल्याही मातीत पडतात, त्यातून काही सिद्ध होत नाही. इथे माती आतून आक्रसवायची आहे.

भूमिती. 200 मीटर जाड, 1500 मीटर रुंद द्विमितीय छेद, 2 मीटरचे चौरस एलिमेंट (हिशेबाचे छोटे तुकडे), एकूण 75,000. बाजूच्या कडांना रोलर (वर-खाली सरकू देणारा, आडवं हलू न देणारा आधार). तळ मात्र घट्ट बांधा. तळ घसरता ठेवला तर पहिला फॉल्ट पडताच मॉडेलभरचा ताण सुटतो आणि दुसरा पडतच नाही.

माती. बुडीत एकक वजन 7 किलोन्यूटन प्रति घनमीटर, घर्षणकोन कमाल 30 अंश, अवशिष्ट (पुरेशी घसरण झाल्यावर उरणारा) 10 अंश, डायलेशन (घसरताना होणारी फुगवट) शून्य, पॉयसन गुणोत्तर 0.3. विश्लेषण ड्रेन्ड (पाण्याचा जादा दाब साठत नाही असं धरून), कारण पाणी निघून जायला भूवैज्ञानिक काळ हाताशी आहे. सुरुवातीचा आडवा दाब उभ्याच्या निम्मा (1 वजा साइन 30).

लवचिकता गुणांक खोलीबरोबर वाढवा : दर मीटरला 0.1 मेगापास्कल, म्हणजे तळाशी 20. सगळीकडे एकच आकडा दिला तर वरचा थर फार आधी मोडतो आणि खालचा कोराच राहतो. घर्षणकोनात दोन-तीन टक्क्यांचा यादृच्छिक फरकही पेरा, नाहीतर पहिला फॉल्ट हमखास मॉडेलच्या कोपऱ्यातून निघतो.

आकुंचन. तळाशी उभा प्रभावी दाब (मातीच्या कणांनी पेललेला) 1400 किलोपास्कल, आडवा 700. मोडण्यासाठी आडवा 467 पर्यंत, म्हणजे उभ्याच्या एक तृतीयांशावर, उतरायला हवा. माती आतून आक्रसली आणि कडा जागच्या हलल्या नाहीत, तर उभा दाब तसाच राहून आडवा घटतो. वरच्या आकड्यांनी हिशेब केला तर रेषीय आकुंचन सुमारे 0.8 टक्के निघतं. ते 0.02 टक्क्यांच्या पायऱ्यांनी द्या आणि प्रत्येक पायरीला समतोल साधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सॉफ्टनिंग, म्हणजे घसरताना मातीचं बळ घटणं. बहुतेक मॉडेल इथेच बिघडतात. घर्षणकोन 30 वरून 10 वर किती प्लास्टिक स्ट्रेनला (कायमच्या विकृतीला) उतरवायचा? "0.1 घ्या" हा सल्ला सर्रास मिळतो. मेशचा (एलिमेंटच्या जाळीचा) आकार न विचारता दिलेला हा आकडा निरुपयोगी आहे. माती स्ट्रेन पाहून अवशिष्ट बळावर येत नाही, ती घसरलेल्या अंतरावर येते. चिकणमातीसाठी हे अंतर साधारण 100 ते 500 मिलिमीटर असतं. संगणकातला शिअर पट्टा (जिथे घसरण एकवटते) मात्र एलिमेंटच्या मापाने रुंद होतो : मेश अर्धी केली की पट्टा अर्धा, तेवढ्याच स्ट्रेनला घसरण अर्धी, आणि माती नकळत दुप्पट ठिसूळ.

म्हणून आधी अंतर ठरवा, समजा 0.2 मीटर. मग एक चाचणी रन घेऊन पट्ट्याची खरी रुंदी मोजा. तिरका पट्टा एकाच एलिमेंटमध्ये मावत नाही, बहुधा दीड-दोन एलिमेंट व्यापतो. 2 मीटरच्या मेशवर रुंदी 3 मीटर भरली तर स्ट्रेन 0.2 भागिले 3, म्हणजे सुमारे 0.07. मेश बदलली की हा भागाकार पुन्हा करायचाच.

मेश फार मोठीही चालत नाही. तळाशी बळ घटतं सुमारे 280 किलोपास्कलने, शिअर गुणांक 7.7 मेगापास्कल, म्हणजे लवचीक स्ट्रेन 0.036. सॉफ्टनिंगचा स्ट्रेन याच्या खाली गेला की एलिमेंट बळ एका झटक्यात टाकतं, असंतुलित बल उसळतं आणि रन कोसळतो. 4 मीटरच्या मेशवर पट्टा 6 मीटर, स्ट्रेन 0.033 : गेलाच. अशा वेळी डॅम्पिंग (हालचाल कृत्रिमरीत्या शमवणं) वाढवून रन रेटू नका, मेश बारीक करा.

खात्रीसाठी 100 मीटर जाड, 200 मीटर रुंद तुकडा 2, 1 आणि 0.5 मीटरच्या मेशवर चालवा. सरकेत दहा टक्क्यांहून जास्त फरक आला तर मोठ्या मॉडेलला हात लावू नका.

मेश थोडी तिरपी करूनही एकदा पाहा. फॉल्टचा उतार 45 ते 60 अंशांत यायला हवा. मेश फिरवल्यावर उतारही तिच्याबरोबर फिरला, तर तो फॉल्ट मातीचा नसून चौकटींच्या कर्णाचा आहे.

साध्या मोर-कुलॉम मॉडेलमध्ये (घर्षणकोनावरून माती कधी मोडते ते ठरवणाऱ्या) सॉफ्टनिंग नसतं. फ्लॅक या सॉफ्टवेअरमध्ये ते तयार मिळतं. अबॅकस या सॉफ्टवेअरमध्ये घर्षणकोन फील्ड व्हेरिएबलला (जागोजागी बदलता येणाऱ्या राशीला) बांधून छोटं सबरूटीन लिहावं लागतं.

निकाल वाचणं. फॉल्टलगतचा आडवा दाब पाहा. घसरणीनंतर तो उभ्याच्या 0.33 वरून 0.7 कडे चढायला हवा, कारण 10 अंशांचा पृष्ठभाग तिथेच तोल धरतो. दाब जिथवर चढला आहे तिथवर नवा फॉल्ट पडत नाही, आणि दोन फॉल्टमधलं अंतर त्यावरूनच ठरतं. वरून दिसणारा फॉल्टचा बहुभुजी नकाशा मात्र द्विमितीय छेदातून मिळणार नाही. त्याला त्रिमितीय मॉडेलच लागतं.