लॅटिनचे वर्तमानकालवाचक धातुसाधित: ते कसे चालवावे आणि अर्थ कसा लावावा

शाळेत संस्कृत शिकलेल्यांना लॅटिनचे वर्तमानकालवाचक धातुसाधित (‘जात असलेला’ अशा अर्थाचे, क्रियापदापासून बनलेले विशेषण) परके वाटू नये, कारण ‘गच्छन्, गच्छन्तम्’ यांतला शतृ प्रत्यय आणि लॅटिनमधला ‘-न्त-’ यांचे मूळ एकच आहे. मराठीतल्या ‘ज्वलंत’ आणि ‘जिवंत’ या शब्दांतही तो ऐकू येतो.

‘फेरो’, म्हणजे ‘मी वाहून आणतो’, हे क्रियापद घ्यावे. त्याच्या धातुसाधिताची प्रथमा ‘फेरेन्स’ आणि षष्ठी ‘फेरेन्तिस’ ही रूपे जोडीनेच पाठ करावीत, कारण प्रथमेत मूळ अंग झाकले जाते आणि षष्ठीतला ‘-इस’ काढल्यावरच ‘फेरेन्त-’ हे अंग हाती येते. मग द्वितीया ‘फेरेन्तेम’ होते. तिच्याशेजारी ‘भरन्तम्’ ठेवून पाहावे, धातूसुद्धा तोच आहे. चतुर्थी ‘फेरेन्ती’. अनेकवचनात प्रथमा-द्वितीया ‘फेरेन्तेस’, षष्ठी ‘फेरेन्तिउम’ आणि उरलेल्या विभक्तींना ‘फेरेन्तिबुस’. संस्कृतात स्त्रीलिंगी ‘भरन्ती’ वेगळी चालवावी लागते, लॅटिनमध्ये मात्र पुल्लिंग व स्त्रीलिंग एकसारखेच चालतात. नपुंसकलिंगाची द्वितीया प्रथमेसारखीच, म्हणजे एकवचनात ‘फेरेन्स’ आणि अनेकवचनात ‘फेरेन्तिआ’. ‘एओ’ (मी जातो) याचे ‘इएन्स, एउन्तिस’ तेवढे वेगळे लक्षात ठेवावे.

अर्थ लावताना आधी हे विशेषण कोणत्या नामाचे आहे ते लिंग, वचन आणि विभक्ती जुळवून ठरवावे, आणि मगच त्याचे कर्म शोधावे. रोमन कवी व्हर्जिलच्या ‘इनीड’ या महाकाव्यात, दुसऱ्या सर्गात, ट्रॉयचा पुरोहित लाओकून म्हणतो: ‘तिमेओ दानाओस एत दोना फेरेन्तेस’. येथे ‘दानाओस’ (ग्रीकांना) आणि ‘दोना’ (भेटी) ही दोन्ही अनेकवचनी द्वितीयाच आहेत. पण ‘दोना’ नपुंसकलिंगी असल्यामुळे ‘फेरेन्तेस’ तिच्याशी जुळत नाही, ते ग्रीकांचे विशेषण ठरते आणि ‘दोना’ त्याचे कर्म होते. म्हणून अर्थ असा: ‘ग्रीक भेटी घेऊन आले, तरी मला त्यांची भीती वाटते.’ हा ‘तरी’ धातुसाधितात लिहिलेला नसतो, तो संदर्भावरून घ्यावा लागतो. विद्यार्थी ‘भेटी आणणारे ग्रीक’ एवढ्यावरच थांबतात, तेव्हा वाक्याचा प्राणच निसटतो.

एकवचनी पंचमीला दोन रूपे आहेत. निव्वळ विशेषण असेल तर ‘-ई’ येतो, क्रियेचा अर्थ जागा असेल तर ‘-ए’. आपल्या संस्कृतातल्या सतिसप्तमीचे (‘अमुक घडत असताना’ असे सांगणाऱ्या रचनेचे) काम लॅटिनमध्ये हीच विभक्ती करते आणि तेथे नेहमी ‘-ए’ असतो: ‘सोले ओरिएन्ते प्रोफेक्ती सुन्त’, म्हणजे ‘सूर्य उगवत असताना ते निघाले’. उगवणे आणि निघणे एकाच वेळचे आहे, म्हणून ‘सूर्य उगवल्यावर’ असे भाषांतर करू नये.