पिकअपची पुढची नकल बदलण्याआधीची तयारी

कोकणच्या किनाऱ्यावर चालणाऱ्या पिकअपची नकल (स्टिअरिंग नकल, म्हणजे पुढचं चाक आणि ब्रेक धरून ठेवणारा, स्टिअरिंगबरोबर वळणारा धातूचा भाग) बदलताना खुद्द नकल क्वचितच अडवते. अडवतो तो ब्रेकच्या कॅलिपरचा गंजलेला बोल्ट, भोकात फुगून बसलेला एबीएस सेन्सर (ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा), नाहीतर नेमकी त्या मापाची न मिळणारी स्प्लिट पिन, म्हणजे नट फिरू न देणारी दुमडायची पिन. मासळीच्या गाडीखाली बर्फाचं खारं पाणी सतत ठिबकत असतं, त्यात किनाऱ्याची दमट हवा. चाक काढून गाडी उभी आहे, एक सील कोल्हापूरहून यायचंय आणि घाटात दरड आली, असं झालं की दिवसाचं काम आठवड्यावर जातं. म्हणून खालचं सगळं हाताशी असल्याशिवाय पहिला नट सैल करू नये.

सर्वात आधी, नकलच गेली आहे याची खात्री करा. चाक वर उचलून वर-खाली धरून हलवलं आणि खेळ लागला, तर तो बेअरिंगचा असू शकतो, बॉल जॉइंटचाही (नकल आर्मला जोडणारा गोळ्याचा सांधा). दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन (सरळ एक्सलच्या गाडीत नकल जिच्यावर फिरते ती जाड पिन). यातल्या कशालाही नवी नकल लागतेच असं नाही. नकल बदलावी लागते ती मुख्यतः चार कारणांनी: खड्ड्यात आपटून वाकली, कुठे तडा गेला, बॉल जॉइंटचं निमुळतं भोक लांबट झालं, किंवा बेअरिंग आत फिरून त्याची बैठक झिजली. वाकलेली नकल डोळ्यांना बहुधा दिसत नाही. अलाइनमेंटच्या मशीनवर कॅम्बरबरोबर (चाकाचा आत-बाहेर कल) स्टिअरिंगच्या अक्षाचा कल, म्हणजे एसएआय, दोन्ही बाजूंचा काढून घ्या. एसएआय बरोबर आणि कॅम्बर मात्र बाहेर, तर नकल वाकलेली. एसएआयही बिघडला असेल, तर आधी आर्म (नकल चासीला जोडणारे दांडे) आणि चासी तपासा, नाहीतर नवी नकल बसवूनही गाडी ओढतच राहील. वाकलेली नकल तापवून सरळ करणं किंवा तडा वेल्डिंगने भरणं ही तडजोड कुणी कितीही स्वस्तात देऊ केली तरी घेऊ नका. त्या धातूची मजबुती उष्णतेने जाते, आणि नकल तुटते ती घाटाच्या वळणावर, भरल्या गाडीत.

मग गाडीखाली वाकून पुढची रचना बघा, कारण पुढची सगळी यादी त्यावर ठरते. बोलेरो पिकअपच्या बऱ्याच मॉडेलांना पुढेही पाटे आणि सरळ एक्सल असतो. तिथे नकल किंगपिनवर फिरते. टाटा झेनॉनला वर-खाली दोन आर्म आणि टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा), इसुझू डी-मॅक्सला दोन आर्म आणि कॉइल स्प्रिंग. किंगपिनवाली असेल तर किंगपिनचा पूर्ण सेट मागवा: पिन, बुश, थ्रस्ट बेअरिंग, शिम (खेळ भरून काढणाऱ्या पातळ चकत्या), लॉक पिन आणि ग्रीस निपल. बुश ठोकून बसले की आतून रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) मारावा लागतो, आणि तो हाताच्या अंदाजाने होत नाही. लेथवाल्याकडे दिवस आधीच ठरवून ठेवा. शिम दोन-तीन जाडीच्या घ्या. वर-खालचा खेळ फीलर गेजने मोजूनच कुठली घालायची ते कळतं. फोर-व्हील-ड्राइव्ह असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा नवा नट आणि सर्क्लिपही (खाचेत बसणारी अडकण रिंग) यादीत येतात. मधला मोठा एक्सल नट असेल, तर तो चाकं जमिनीवर आणि ब्रेक दाबलेला असतानाच सैल करायचा.

ऑर्डर देताना गाडीचं नुसतं नाव सांगू नका. सतरा अंकी चासी नंबर द्या, ड्रायव्हर साइड की क्लीनर साइड ते स्पष्ट लिहा, आणि एबीएस आहे की नाही ते सांगा. एकाच नावाच्या गाडीला वर्षागणिक कॅलिपरच्या बोल्टांचं अंतर बदललेलं असतं. भंगारातली नकल घ्यायचीच असेल तर तिची भोकं व्हर्नियरने मोजल्याशिवाय घेऊ नका. अपघातातल्या गाडीची नकल बाहेरून नवी दिसते, तरीही नको. ती वाकलेली नाही हे तुमच्या अंगणात सिद्ध करता येत नाही.

नकलीबरोबर लागणारं छोटं सामान हाच या यादीचा खरा जीव आहे. दोन आर्मच्या गाडीला स्प्लिट पिन सहसा चार जागी लागतात: वरचा बॉल जॉइंट, खालचा बॉल जॉइंट, टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा नकलीला जोडणारा सांधा) आणि हबचा, म्हणजे चाक ज्यावर आवळतात त्या फिरत्या भागाचा नट. जुनी पिन सरळ करून पुन्हा वापरायची नाही. प्रत्येक मापाच्या दोन घ्या, कारण वाकवताना एखादी तुटतेच. नायलॉन रिंगचे नट एकदा काढले की बदलायचे. बेअरिंग नवं घ्या, प्रेसने बसणारं असो वा आत-बाहेरची टेपर जोडी. जुनं बेअरिंग काढताना बहुतेक वेळा त्यावर चुकीच्या बाजूने भार येतो आणि ते निकामी होतं. त्याच्यासोबत ऑइल सील, आणि बेअरिंग सर्क्लिपवर असेल तर सर्क्लिप. बॉल जॉइंटची रबरी टोपी फाटलेली असेल, तर तो जॉइंट आत्ताच बदला. फाटल्या टोपीतून खारं पाणी शिरलं की आतला गोळा गंजतो आणि नव्या नकलीचं भोक खाऊ लागतो. डिस्कच्या मागचा पत्रा आपल्याकडे बहुतेक वेळा जाळी झालेला असतो. हात लावला की तुकडे पडतात. तो आणि त्याचे छोटे स्क्रू यादीत टाका. एबीएस सेन्सर काढताना मोडण्याची शक्यता किनाऱ्याच्या गाडीत इतकी जास्त, की एक नवा आणून ठेवलेला बरा. न लागल्यास दुकानदार परत घेईल का, ते आधीच विचारून घ्या.

ग्रीस जास्त तापमानाचं, व्हील बेअरिंगचं, एनएलजीआय 2 दर्जाचं (हा ग्रीसच्या घट्टपणाचा क्रमांक). पाण्याला टिकणारं मिळालं तर तेच घ्या. अर्ध्या किलोचा डबा पुरतो. गंज सोडवणारा स्प्रे, ब्रेक क्लीनर, वायर ब्रश, पॉलिश पेपर, कॅलिपर टांगायला जाड तार किंवा दोरी, आणि भरपूर चिंध्या. ब्रेकची पाइप उघडायची नसेल तर ब्रेक ऑइलची गरज नाही. पण गंजलेला जोड तुटू शकतो, म्हणून मास्टर सिलिंडरच्या झाकणावर जो डॉट नंबर लिहिलाय त्याच ऑइलचा बंद डबा असू द्या. उघडा पडलेला डबा नको. ते तेल हवेतलं पाणी ओढतं, आणि कोकणातल्या हवेत तर फारच पटकन.

हत्यारांत सॉकेट सेट, टॉमी, त्यावर चढवायला मीटरभर पाइप, दीड किलोचा हातोडा, पितळी पंच, सर्क्लिपची पक्कड, बॉल जॉइंट सोडवायचा पुलर आणि टॉर्क पाना (नट ठरलेल्या जोराने आवळणारा). दोन दातांचा काटा ठोकून जॉइंट सुटतो, पण टोपी हमखास फाटते. जॉइंट बदलायचाच असेल तरच तो वापरा. पुलर नसेल तर नट काढून टाकू नका, तीन-चार आट्यांवर ठेवा, आणि नकलीच्या कानावर (जॉइंटची पिन बसते त्या भागावर) बाजूने मारा. जुनी नकल भंगारातच जायची असल्याने तिच्यावर घाव घालायला हरकत नाही. टाय रॉड एंडच्या आट्यांवर मात्र एकही घाव पडता कामा नये, तो परत लागणार आहे.

जागा कडक आणि सपाट हवी. खळ्यातली सारवलेली जमीन किंवा पावसाने भिजलेली लाल माती जॅकखाली हळूहळू दबते. काँक्रीट नसेल तर जॅक आणि प्रत्येक स्टँडखाली जाड लोखंडी प्लेट किंवा मोठा लाकडी फळा घाला. गाडीखाली जांभ्याचा चिरा कधीही लावायचा नाही. घर बांधायला तो उत्तम, पण एका टोकावर भार आला की कुठलीही सूचना न देता फुटतो. दोन जॅक स्टँड चासीखाली, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून उट्या (अडवायचे ठोकळे), हँडब्रेक ओढलेला, गाडी पूर्ण रिकामी. एकही पेटी किंवा क्रेट मागे राहू देऊ नका.

स्प्रिंगचा भार ही या कामातली आणखी एक जागा अशी आहे की जिथे चूक झाली तर माणूस जातो. दोन आर्मच्या गाडीत नकल ही दोन्ही आर्मना जोडून ठेवणारी वस्तू. बॉल जॉइंट सुटला की आर्म मोकळा होतो. म्हणून ज्या आर्मवर स्प्रिंगचा भार आहे त्याखाली, बॉल जॉइंटच्या जवळ, दुसरा जॅक टेकवून ठेवायचा, आणि तो आर्मला टेकलाय याची हाताने खात्री करूनच नट काढायचा. हा दुसरा जॅक शेजाऱ्याकडून आणायचा असेल तर आदल्या दिवशी आणा. टॉर्शन बार असेल तर ताणाच्या बोल्टचे किती मिलिमीटर आटे बाहेर दिसतात ते व्हर्नियरने मोजून लिहा. बार सैल करून पुन्हा त्याच मापावर आणला नाही, तर गाडी एका कुशीवर बसते. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंचीही आधीच दोन्ही बाजूंनी मोजून ठेवा.

आदल्या दिवशी गाडी गोड्या पाण्याने खालून धुवा, मीठ आणि लाल चिखल निघेपर्यंत. वाळली की सगळ्या बोल्टांवर स्प्रे मारा, आणि रात्री पुन्हा एकदा. गॅसची ज्योत वापरायची वेळ आलीच, तर रबरी टोपी, ब्रेकची पाइप आणि सेन्सरची वायर आधी बाजूला घ्या. ग्रीस भरलेला बंद बॉल जॉइंट तापवू नका, फुटून अंगावर उडतो.

नवी नकल आली की जुनीशी आत्ताच जुळवा. जुनी अजून गाडीवर आहे, तरी बरंच मोजता येतं: कॅलिपरच्या भोकांमधलं अंतर, स्टिअरिंगच्या आर्मची लांबी, निमुळत्या भोकाची रुंद बाजू वर की खाली, सेन्सरची जागा. एक गोष्ट हटकून राहते: चाक पूर्ण वळलं की अडवणारा स्टॉप बोल्ट. नव्या नकलीला तो नसतो किंवा वेगळ्या लांबीवर असतो. जुन्याची उंची मोजून तीच ठेवा, नाहीतर पूर्ण वळणावर टायर ब्रेकच्या पाइपला घासेल. बाहेरून रंग द्यायचा असेल तर दोन दिवस आधी द्या, पावसाळ्यात तो लवकर वाळत नाही. बेअरिंगची बैठक आणि निमुळती भोकं टेपने झाका. त्यात रंग गेला तर जॉइंट खरा बसत नाही. कंपनीचं तेल लागलेलं असेल तर बसवायच्या दिवसापर्यंत पुसू नका, रात्रीत तांबूस थर चढतो.

बेअरिंग प्रेसने बसणारं असेल तर नवी नकल आणि हब घेऊन प्रेसवाल्याकडे स्वतः जा. नकलीत घालताना दाब बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगवरच. हब घालताना आतल्या रिंगला खालून आधार हवाच. उलटं केलं तर गोट्यांचे ठसे रिंगवर उमटतात आणि थोड्याच दिवसांत चाक घोंगावायला लागतं. एबीएसचं चुंबकीय सील असलेली बाजू सेन्सरकडे, आणि ती लोहचुंबकापासून लांब.

टॉर्कचे आकडे तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून कागदावर उतरवून भिंतीला चिकटवा: दोन बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, कॅलिपर, हब, चाकाचे नट. जुन्या मॅन्युअलमध्ये किलोग्रॅम-मीटरमध्ये आकडा असेल तर 9.8 ने गुणून न्यूटन-मीटर काढा. निमुळती भोकं आणि पिना कोरड्या, स्वच्छ. तिथे ग्रीस लावायचं नाही. टॉर्क झाल्यावर स्प्लिट पिनची खाच जुळत नसेल तर नट पुढच्या खाचेपर्यंत आवळा, मागे कधीच घेऊ नका.

मासळीची गाडी असेल तर 1 जून ते 31 जुलैची मासेमारी बंदी हा या कामाचा हक्काचा काळ, फक्त घाटरस्त्याचा भरवसा नसल्याने सामान मे महिन्यातच आणून ठेवायचं. आंब्याच्या गाडीने पेट्यांची धावपळ सुरू व्हायच्या आधी, फेब्रुवारीतच उरकावं. अलाइनमेंटची वेळ रत्नागिरी, चिपळूण किंवा कुडाळ, जे जवळ असेल तिथे त्याच किंवा दुसऱ्या दिवसाची आधीच ठरवा. गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पेडल कडक लागेपर्यंत दाबा. मशीनपर्यंत रिकामी, सावकाश न्या, आणि पन्नास-शंभर किलोमीटर झाल्यावर चाकाचे नट पुन्हा टॉर्क पान्यानेच तपासा. तोवर माल भरू नका.