घराण्याविरुद्ध उभे राहताय? नवी मुंबईतल्या नवख्या उमेदवारांनो, या चुका टाळा

पालिकेची निवडणूक जवळ आली की वाशी-नेरुळच्या सोसायट्यांत एक ठरावीक उमेदवार उगवतो. शिकलेला, प्रामाणिक, काखेत माहिती अधिकाराची फाइल. ‘या वेळी घराणेशाही मोडायचीच’ म्हणतो आणि अनामत घालवून बसतो. चुका दर वेळी त्याच असतात.

मतदार यादी न वाचणे. माझा सगळ्यात जास्त राग या चुकीवर आहे. पालिकेसाठी वेगळी यादी बनत नाही. विधानसभेचीच यादी प्रभागांत फोडतात. २०२६ च्या जानेवारीत मतदान झाले, त्यासाठी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती आणि फोडलेले प्रारूप नोव्हेंबरमध्ये हरकतींसाठी खुले झाले. तेव्हा आमच्या ओळखीचे एक अपक्ष रील बनवण्यात गर्क होते. ‘आपल्या दोन सोसायट्या म्हणजे हक्काची मतं’ हे त्यांचे गणित. मी म्हटले, “दादा, यादी बघितलीत का?” तर म्हणे, “ते मुलं बघतील.”

मुलांनी काही बघितले नाही. मतदानाच्या दिवशी टेबलावर रांग लागली. एक आजोबा ओळखपत्र पुढे करून उभे, स्लिप काही सापडेना. त्यांच्या अख्ख्या विंगची नावे शेजारच्या प्रभागात गेली होती. समोरच्या टेबलावर घराण्याचा कार्यकर्ता बसला होता. त्याच्याकडच्या यादीवर मयतांना लाल खूण, घर सोडून गेलेल्यांना निळी, आणि समासात मोबाइल नंबर. आजोबांना शेजारच्या प्रभागातली खोली त्यानेच सांगितली. वर पाणीही दिले.

माझी सवय सांगतो. प्रारूप आले की छापून घ्यायचे आणि रोज संध्याकाळी एक इमारत संपवायची. वॉचमन आणि सोसायटीचा सेक्रेटरी, दोघांना बसवून एकेक नाव वाचायचे. कंटाळवाणे काम आहे, अ‍ॅपने होत नाही. ज्याला हे जमत नाही त्याने उभे राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘घराणे’ म्हणून नुसत्या शिव्या घालणे. इथल्या गणेश नाईकांच्या कुटुंबाचेच बघा. १९९५ साली पालिकेची पहिली निवडणूक झाली आणि त्यांचे चिरंजीव संजीव नाईक महापौर झाले. पुढे त्याच घरातले सागर नाईकही महापौर झाले. पण हे घराणे हरतच नाही असे नाही. २०१४ मध्ये बेलापुरात गणेश नाईक दीड हजारांहून कमी मतांनी पडले आणि २०२४ मध्ये तिथेच त्यांचे दुसरे चिरंजीव संदीप नाईक ३७७ मतांनी. ३७७ म्हणजे एका मोठ्या टॉवरची यादी. दोन्ही वेळा पाडले मंदा म्हात्रेंनी. त्या काही कालपरवा राजकारणात आलेल्या नव्हत्या, आधी राष्ट्रवादीच्या विधान परिषद सदस्य होत्या.

आणि आमचा सुधारक काय करतो? घणसोली-कोपरखैरण्यात जाऊन ‘अनधिकृत बांधकामे हटवा’ म्हणतो. अहो, शहर वसवणाऱ्या सिडकोने सत्तरच्या दशकात गावकऱ्यांच्या जमिनी घेतल्या, कुटुंबे वाढली, त्या जमिनीच्या बदल्यात मिळायच्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी लोकांनी वर्षानुवर्षे खेटे घातले. गावठाणाभोवतीच्या त्या घरांना इथे ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ म्हणतात. हातोडा येईल तेव्हा मध्ये कोण उभा राहील, एवढेच तिथला माणूस बघतो. हळदीला न बोलावता जाणारा आणि मयतीला सगळ्यांच्या आधी पोचणारा नगरसेवक त्याला माहीत असतो. तुमचा टेंडर घोटाळा खरा असेलही, पण त्याच्या पाण्याच्या लाइनशी तो जोडून दाखवा. आणि आधी चार वेळा नुसते ऐकून या. मी नव्या माणसाला गावात पहिल्या खेपेला माइक देतच नाही.

अधिकाऱ्याच्या भरवशावर राहणे. तुकाराम मुंढे इथे पालिका आयुक्त होते तेव्हा सोसायट्यांतले लोक त्यांच्यावर खूश होते. २५ ऑक्टोबर २०१६ ला सभागृहात अविश्वास ठराव १०४ विरुद्ध ६ मतांनी मंजूर झाला. सरकारने त्यांना तेव्हा वाचवले, पण २०१७ च्या मार्चमध्ये बदली झालीच. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कितीजणांनी प्रभागात माणसे जोडली होती?

आरक्षणाच्या सोडतीनंतर महिला उमेदवार शोधणे. निम्म्या जागा महिलांच्या आहेत, हे काही गुपित नाही. घराण्यात वहिनी किंवा सूनबाई सोडतीच्या संध्याकाळीच हात जोडून फलकावर येतात. तुम्ही मात्र तेव्हा कुठे बचत गटाच्या ताईंचा नंबर शोधायला लागता. ताईंना तीन वर्षे आधी विचारा, आणि शोभेपुरते नको.

एकट्याने लढणे. आता १११ जागा २८ प्रभागांत आहेत, म्हणजे बहुतेक ठिकाणी मतदाराला चार मते द्यायची असतात. ‘मला एक द्या, बाकी तुमचं तुम्ही बघा’ म्हटलेत की तो बाकीची तीन घराण्याच्या पॅनलला, म्हणजे एकत्र लढणाऱ्या चौघांना, देतो, आणि त्या घाईत पुष्कळदा चौथेही.

सूचक-अनुमोदक बाहेरचे घेणे. उमेदवाराचे नाव शहरातल्या कुठल्याही प्रभागाच्या यादीत चालते, या दोघांचे चालत नाही. अर्जाच्या छाननीला रडू नका.

हरल्यावर हिशेब न देणे. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. नाही दिला तर तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरू शकता. मंडपवाल्याची, रिक्षावाल्याची, छपाईची बिले मतमोजणीच्या आदल्या रात्रीच एका फाइलला लावून टाका. निकालानंतर मंडपवाला फोन उचलत नाही.