सावलीतल्या कुंड्या: थंडीत झोपवायच्या कशा, उठवायच्या कधी

साताऱ्यात उत्तरेकडच्या बाल्कनीत किंवा जिन्याखाली ऊन येत नाही, म्हणून बहुतेक जण तिथे मनी प्लांट लावून मोकळे होतात. खरं तर कॅलेडियम (रंगीत, मोठ्या पानांचं), भुईचाफा, मे फ्लॉवर (चेंडूसारखं लाल फूल येणारं) ही कंदाची झाडं अशा जागी वर्षानुवर्षं टिकतात. पण हिवाळ्यात वरचं सगळं वाळून जातं, मातीखाली कंद नुसता झोपलेला असतो, आणि झाड मेलं समजून घरातलं कुणीतरी कळवळून पाणी घालतं. आपल्याकडची थंडी या कंदांना सहसा मारत नाही, ते रोजचं तांब्याभर पाणी मारतं.

सुरुवात मातीपासून. कृष्णाकाठची काळी माती शेताला कितीही चांगली असली तरी कुंडीत नुसती वापरू नका, ती पाणी धरून ठेवते. दोन भाग तांबडी माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि मूठभर नीमपेंड पुरे. आठ-दहा इंची कुंडी घ्या, भोकावर कौलाचा तुकडा ठेवा. कॅलेडियमचा कंद दोन इंच खोल लावा. मे फ्लॉवरच्या कंदाची मान मात्र मातीच्या वर डोकावू द्या.

दिवाळीनंतर कॅलेडियमची पानं पिवळी पडून लोळायला लागतात. तेव्हा पाणी कमी करत पूर्ण बंद करा. हिरवी पानं कापायची घाई नको. ती वाळेपर्यंत कंद त्यांच्यातलं अन्न ओढून घेत असतो. पानं वाळली की कुंडी पाऊस-दव लागणार नाही अशा कोपऱ्यात सरकवा आणि वर चिठ्ठी लावा, नाहीतर रिकामी समजून कुणीतरी त्यात कोथिंबीर पेरतं.

कंद काढूनच ठेवायचे असतील तर माती झटकून सावलीत सुकवा. बोटाने दाबून बघा: टणक तो ठेवा, पिचपिचीत तो टाका. थोडासाच सडला असेल तर तेवढा भाग कापून राख चोळा. मग कोरड्या वाळूत ठेवून द्या. कॅलेडियमच्या चिकाने खाज सुटते, हातमोजे घाला आणि कंद लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. मे फ्लॉवरला दरवर्षी उकरू नये, दाटीत तो जास्त फुलतो.

नेचे (फर्न) आणि ॲग्लोनिमा ही सावलीतली पानांची झाडं मात्र हिवाळ्यात झोपत नाहीत. त्यांना वरची इंचभर माती सुकली की सकाळी पाणी द्या. माण-खटावच्या कोरड्या हवेत नेच्याची टोकं करपतात, तिथे कुंड्या एकमेकींजवळ ठेवा. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी कधी कधी दव गोठतं. त्या बाजूला राहत असाल तर रात्री सगळंच घरात घ्या.

मार्चअखेर रात्री उबदार झाल्या की कुंडीला एकदा भरपूर पाणी द्या, मग कोंब दिसेपर्यंत फक्त ओल राखा. भुईचाफ्याची माती तेव्हा उकरू नका, त्याचं जांभळट-पांढरं फूल पानांच्या आधी थेट मातीतून वर येतं. पाऊस सुरू झाला की कुंडीखालच्या ताटल्या काढून घ्या. गणपतीपर्यंत महिन्याला मूठभर गांडूळखत द्या, नंतर खत बंद.