लॉन खरवडण्याआधी: नागपूरच्या काळ्या मातीसाठी तयारीची यादी

लॉन वरून हिरवंगार आहे, पण पाय ठेवला की गादीसारखं दबतं आणि पाणी जिरण्याआधीच कडेला वाहतं? मग दाताळं उचलण्याआधी खुरपं घ्या. दोन-तीन ठिकाणी मातीसकट छोटा चौकोन कापून बघा. हिरवी पाती आणि माती यांच्यामध्ये वाळक्या काड्यामुळांचा तपकिरी थर दिसेल. तो अर्ध्या इंचाच्या आत असेल तर राहू द्या. आपल्याकडच्या उन्हात तेवढा थर मातीतली ओल धरून ठेवतो. जाड असेल तरच तो खरवडून काढायच्या तयारीला लागा.

गवत कोणतं आहे ते माळीभाऊंना विचारा. हरळीचे कांडे जमिनीखालूनही फुटतात, त्यामुळे ती आडवी-उभी दोन्हीकडून खरवडली तरी सावरते. कोरियन लॉन सावकाश पसरतं, त्याला एकाच दिशेने हलका हात पुरे.

वेळेची निवड सगळ्यांत महत्त्वाची, आणि इथेच बहुतेकांची घाई होते. एप्रिल-मेमध्ये, नवतपा तोंडावर असताना, खरवडायचं नावही काढू नका. उघडी पडलेली मुळं करपतील. डिसेंबर-जानेवारीत हरळी झोपलेली असते, तेव्हा जखम भरत नाही. गवत जोमात वाढत असतानाच हे काम करायचं, म्हणजे पाऊस स्थिरावल्यावर, जूनअखेर ते जुलै. त्यातही उघडीप बघून, वाफसा आल्यावर, म्हणजे माती फार ओली नाही आणि फार कोरडीही नाही अशी असताना. आपली काळी माती ओली असली तर दाताळ्याला चिकटते, गवत मुळासकट उपटून येतं आणि पायाखालची जमीन घट्ट दबते. मूठभर माती दाबून सोडा. चिखल न होता भुरभुरली तर त्याच दिवशी सुरुवात करा.

नागरमोथा आठवडाभर आधी गाठींसकट खणून काढा. गाठी राहिल्या तर खरवडून मोकळ्या झालेल्या जागेत तोच आधी डोकं काढेल. स्प्रिंकलरच्या तोंडांजवळ काड्या रोवून खुणा करा. उंच वाढलेलं गवत एकदम बुडापर्यंत कापू नका. चार-पाच दिवसांच्या अंतराने, दर वेळी उंचीचा एक तृतीयांश भाग, असं उतरवत आणा.

लहान अंगणाला लोखंडी दाताळं आणि दोन माणसं पुरतात. मोठ्या लॉनसाठी खरवडायचं मशीन भाड्याने आणलं तर त्याची पाती मातीला जेमतेम टेकतील अशी लावून आधी कोपऱ्यात चालवून बघा. निघणारा काडीकचरा अंदाजापेक्षा फार जास्त असतो, म्हणून पोती आणि कंपोस्टच्या खड्ड्यात जागा हवीच. चाळलेलं शेणखत आणि जाड वाळू आधीच आणून ताडपत्रीखाली कोरडी ठेवा. खरवडल्यावर त्यांचा पातळ थर द्यायचा, गवताच्या पात्यांची टोकं वर दिसली पाहिजेत. युरिया चौरस मीटरला 10 ग्रॅमच्या वर नको, तोही नवे फुटवे दिसल्यावर आणि लगेच पाणी देऊन. पाऊस दडी मारू शकतो, तेव्हा नळी जोडलेलीच ठेवा. महिनाभर लॉनवर मुलांचं क्रिकेट होणार नाही, हे घरात आत्ताच सांगून ठेवा.